‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे नेमकं काय? कापडाच्या धंद्यातून आलेले इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे रोजचे अर्थ

एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आत टॉवेल टाकायचा, म्हणजे जागा आपली झाली. महाराष्ट्रात हे कुणाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र टॉवेल आत टाकला की जागा धरली जात नाही, उलट सोडली जाते. ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानणं, नाद सोडून देणं.

हा वाक्प्रचार मुष्टियुद्धातून आला. खेळाडूच्या तोंडावरचा घाम आणि रक्त पुसायला त्याची माणसं कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभी असतात. आपला गडी आता फार मार खातोय, पुढे जिवावर बेतेल असं दिसलं की ती टॉवेल रिंगणात फेकतात. म्हणजे, थांबवा, आम्ही हरलो. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, याच कामासाठी स्पंज वर फेकला जाई आणि वाक्प्रचारातही स्पंजच होता. मराठीत याच्या जवळ जाणारे दोन वाक्प्रचार आहेत: हात टेकणं आणि नांगी टाकणं. पण ‘नांगी टाकली’ म्हणताना आपण समोरच्याला थोडं हिणवत असतो. ‘थ्रो इन द टॉवेल’मध्ये तसं असेलच असं नाही. दहा वर्षं तोटा सोसून एखाद्याने दुकान बंद केलं, तरी त्याच्याबद्दल सहानुभूतीने हेच शब्द वापरले जातात.

टॉवेलपासून सुरुवात करण्याचं कारण सोलापूर. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी हा या मालाच्या यंत्रमागांचा मोठा पट्टा. इथल्या कारखान्यांत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी अशा भाषा एकाच पाळीत कानावर पडतात. टॉवेल परदेशी जायचा म्हटलं की त्यात इंग्रजीही येते, मेलमधून आणि व्हॉट्सॲपवरून. गंमत अशी की इंग्रजीतले कितीतरी वाक्प्रचार मुळात सूत, माग, रंग आणि धुणं यांतूनच निघाले आहेत. इंग्लंडचा यॉर्कशायर आणि लँकेशायर हा भाग लोकर आणि सुती कापडावर जगला, आणि तिथल्या कामगारांचे शब्द साहेबांच्या भाषेत जाऊन बसले. त्यामुळे हे वाक्प्रचार एखाद्या इंग्रजीच्या क्लासपेक्षा मागाच्या शेडमध्ये लवकर समजतील. अडचण फक्त शब्दशः अर्थ लावला की येते.

ओलं ब्लँकेट आणि भिजत घोंगडं

इंग्रजीत एखाद्या माणसाला ‘वेट ब्लँकेट’ म्हणतात. शब्दाला शब्द ठेवला तर मराठीत तयार उत्तर आहे: भिजत घोंगडं. दोन्हीकडे तीच वस्तू, दोन्हीकडे ती ओली. अर्थ मात्र एकमेकांच्या गावालाही जात नाहीत.

‘वेट ब्लँकेट’ हा माणूस असतो. सगळे सहलीचा बेत रंगवत असताना ‘पाऊस पडला तर?’, ‘गाडी बंद पडली तर?’ असं म्हणत राहणारा. आग विझवायला तिच्यावर ओलं ब्लँकेट टाकत, तसा हा माणूस इतरांच्या उत्साहावर पडतो. मराठीत आपण त्याला रंगाचा बेरंग करणारा म्हणू, किंवा त्याने उत्साहावर विरजण घातलं असं म्हणू.

भिजत घोंगडं म्हणजे माणूस नव्हे, प्रकरण. घोंगडं भिजलं की जड होतं, पिळता येत नाही आणि लवकर वाळतही नाही. तसा वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलेला प्रश्न, ज्याचा निकालही लागत नाही आणि जो सोडूनही देता येत नाही. रस्त्याचं भूसंपादन, भावकीतली जमीन, थकलेलं अनुदान. इंग्रजीत याला ‘ड्रॅग ऑन’ म्हणतील. मुद्दाम बाजूला ठेवलेलं काम असेल तर ‘ऑन द बॅक बर्नर’, म्हणजे शेगडीच्या मागच्या बर्नरवर मंद आचेवर ठेवलेलं.

आता कुणी पेमेंट अडकल्याची तक्रार करताना ‘युवर पेमेंट इज अ वेट ब्लँकेट’ असं लिहिलं, तर वाचणारा गोंधळेल आणि मग हसेल. पैसे मात्र अडकलेलेच राहतील. वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या शब्दांच्या बेरजेत नसतो, तो वापराने ठरलेला असतो. भाषांतराच्या ॲपला आता बरेच नेहमीचे वाक्प्रचार ओळखता येतात, पण घरगुती शब्दांचं जसंच्या तसं भाषांतर ती अजूनही करून ठेवतात.

जीव टांगणीला

काही वेळा उलटंही होतं. शब्द वेगळे, चित्र तेच.

निकाल लागायचाय, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर यायचेत, कर्जाचं मंजुरीपत्र यायचंय, तेव्हा इंग्रजी माणूस म्हणतो ‘आय ॲम ऑन टेंटरहुक्स’. लोकरीचं कापड धुऊन, कुटून घट्ट केलं की ते आकसतं. वाळताना ते सरळ आणि सारख्या मापाचं राहावं म्हणून लाकडी चौकटीवर आकड्यांना अडकवून ताणत. त्या चौकटीचं नाव टेंटर आणि आकडे म्हणजे टेंटरहुक्स. इंग्लंडमधल्या कापडाच्या गावांबाहेर अशा चौकटींची अख्खी मैदानं असत. कापड दिवसभर ताणलेलं, टांगलेलं. वाट पाहणाऱ्या माणसाचा जीवही तसाच. अठराव्या शतकापासून हा अर्थ इंग्रजीत रुळला.

मराठीत आपण काय म्हणतो? जीव टांगणीला लागला. कुणी कुणाचं भाषांतर केलेलं नाही, तरी दोन्ही भाषांनी जिवाला नेऊन टांगलं.

टेंटर हा शब्द इतिहासजमा झाला असं वाटेल, पण कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात विचारा. तिथे स्टेंटर नावाचं यंत्र असतं. कापडाच्या दोन्ही कडा पिनांत किंवा क्लिपांत पकडून ते गरम हवेतून ओढत नेतात, म्हणजे रुंदी सारखी राहते. तेच जुनं काम, तेच नाव, पुढे एक ‘स’ लागलेला. टेंटरचं मूळ लॅटिनमधल्या ताणण्याच्या क्रियापदात आहे आणि ते क्रियापद संस्कृत ‘तन्’ या धातूचं नात्यातलं. याच ‘तन्’मधून आपला तंतू आला आणि मागावरचा ताणाही.

हा शब्द लिहिताना इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ‘टेंडरहुक्स’ अशी चूक करतात. सरकारी टेंडरशी त्याचा संबंध नाही, भले टेंडर उघडेपर्यंत ठेकेदाराचा जीव टांगणीला लागत असेल.

रंग कुठे बसला

सोलापुरी चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग विणतात. म्हणून तिची नक्षी कापडावर छापलेली नसते, विणीतच असते. इंग्लंडमध्ये याच्याही एक पायरी मागे जाऊन, सूत कातण्याआधी लोकरच रंगवत. तो रंग आतपर्यंत मुरायचा, सहज उतरायचा नाही. यावरून ‘डाइड इन द वूल’. म्हणजे ज्याची मतं, निष्ठा किंवा सवयी पक्क्या मुरलेल्या आहेत असा माणूस. हा बहुतेकदा राजकीय पक्ष, विचारसरणी, खेळातला संघ यांच्या संदर्भात येतो, म्हणून त्याला मराठीत ‘कट्टर’ जवळचा. ‘हाडाचा शिक्षक’मधल्या ‘हाडाचा’शी त्याची गल्लत होते. पण हाडाचा हे कौतुक आहे, आणि ‘डाइड इन द वूल’मध्ये ‘हा काही बदलायचा नाही’ हा सूर असतो.

‘कट फ्रॉम द सेम क्लॉथ’ हा असाच सुराचा प्रश्न. एकाच कापडातून कापलेले, म्हणजे स्वभावाने सारखे. शाळेच्या पुस्तकात याला ‘एकाच माळेचे मणी’ असा प्रतिशब्द सापडेल. मराठीत मात्र चांगल्या माणसांना कुणी एकाच माळेचे मणी म्हणत नाही. इंग्रजीत बापलेकांच्या कष्टाळूपणाचं कौतुक करतानाही हे चालतं. तेव्हा कुणी तुमच्याबद्दल आणि तुमच्या वडिलांबद्दल असं लिहिलं, तर लगेच चिडू नका.

‘कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ’ला मात्र फारसं समजावून सांगावं लागत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्यांच्याकडे कापड कमी पडलं की कोट आखूड होतो, आपल्याकडे पाय बाहेर राहतात.

ज्या शब्दांची पत गेली

काही वाक्प्रचारांत शब्द चांगले दिसतात आणि अर्थ खाली ओढणारा असतो. धंद्यातल्या माणसाला सर्वात जास्त इथेच फटका बसू शकतो.

‘रन ऑफ द मिल’ हा त्यातला पहिला. गिरणीतून माल निघाला, अजून तपासलेला नाही, चांगला-वाईट वेगळा केलेला नाही, असा सरसकट माल म्हणजे रन ऑफ द मिल. आजचा अर्थ: सामान्य, नेहमीचाच, ज्यात विशेष काही नाही. आता समजा, एखाद्याने आपल्या टॉवेलच्या जाहिरातीत ‘थेट गिरणीतून’ हे सांगायला ‘रन ऑफ द मिल टॉवेल्स’ असं छापलं. वाचणाऱ्याला कळेल ते इतकंच, की आमचे टॉवेल चारचौघांसारखेच आहेत, घेतलेच पाहिजेत असं काही नाही. ‘थेट गिरणीतून’साठी इंग्रजीत साधं ‘स्ट्रेट फ्रॉम द मिल’ किंवा ‘मिल डायरेक्ट’ पुरतं.

दुसरा ‘शॉडी’. हा एकच शब्द आहे, वाक्प्रचार नाही, पण त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे. साधारण 1813 च्या सुमारास यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. त्या कापडाचं नाव शॉडी. स्वस्त, उपयोगी, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. बॅटली आणि शेजारचं ड्यूजबरी यांनी त्यावर मोठा धंदा उभा केला. मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. घाईघाईने सैनिकांचे गणवेश हवे होते, आणि काही पुरवठादारांनी निकृष्ट शॉडीचे कपडे शिवून दिले. ते पावसात आणि कूच करताना फाटू लागले. तेव्हापासून शॉडी म्हणजे निकृष्ट, कसंतरी उरकलेलं, असा अर्थ कायमचा चिकटला. ‘शॉडी वर्क’ म्हणजे कामचलाऊ, भिकार काम.

पण धंद्यात शब्दाचा जुना अर्थ जिवंत आहे. हरियाणातलं पानिपत आज जुन्या कपड्यांपासून सूत आणि ब्लँकेट बनवणारं मोठं केंद्र आहे, आणि तिथे शॉडी यार्न हे मालाचं सरळ नाव आहे. म्हणजे पानिपतच्या व्यापाऱ्याच्या बिलावर शॉडी दिसलं तर ती वस्तू आहे, आणि खरेदीदाराच्या मेलमध्ये ‘युवर स्टिचिंग इज शॉडी’ दिसलं तर ती तक्रार आहे. दुसऱ्या वेळी गप्प बसून चालणार नाही.

तिसरा ‘आउट ऑफ होल क्लॉथ’. होल क्लॉथ म्हणजे अख्खं, न कापलेलं कापड. ऐकायला किती चांगलं. पण अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात त्याचा वापर उपरोधाने सुरू झाला आणि आज ‘मेड अप आउट ऑफ होल क्लॉथ’ म्हणजे धादांत खोटं, ज्यात सत्याचा धागाही नाही. अमेरिकन राजकारणाच्या बातम्या वाचताना हा भेटतोच. भेटला की आरोप आहे असं समजा.

थापांचा विषय निघालाच आहे तर ‘स्पिन अ यार्न’. सूत कातणं नव्हे, रंगवून रंगवून गोष्ट सांगणं. हा खलाशांचा शब्द. जहाजावर दोरखंडाचे धागे वळण्याचं काम तासन् तास चाले आणि तोंड मोकळं असे. त्यात खोटेपणा असतोच असं नाही, फोडणी मात्र असते. लोणकढी थाप याच्या बरीच जवळ.

ऑर्डरच्या मेलमधले सापळे

चादरींच्या गावाला ‘ब्लँकेट ऑर्डर’ हा शब्द सर्वात जास्त फसवू शकतो. त्याचा ब्लँकेटशी काही संबंध नाही. ठरलेल्या दराने, ठरलेल्या काळात, टप्प्याटप्प्याने माल घेण्यासाठी एकदाच केलेली मोठी ऑर्डर म्हणजे ब्लँकेट ऑर्डर. ती टॉवेलची असू शकते, पेनांची असू शकते, नटबोल्टची असू शकते. ब्लँकेट सगळ्यांना झाकतं, तशी ही ऑर्डर पुढच्या अनेक खेपांना झाकते. ‘ब्लँकेट बॅन’ म्हणजे याच न्यायाने सरसकट बंदी. ब्लँकेट ऑर्डर हातात आली की एक गोष्ट आधी पाहायची: दर किती महिन्यांसाठी बांधला जातोय. मध्येच सुताचा भाव चढला तर फरक कोण सोसणार, हे त्या एका शब्दात ठरून गेलेलं असू शकतं.

‘बॉलपार्क फिगर’ मागितला तर खरेदीदाराला पक्का दर नको असतो, अंदाज हवा असतो. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. चेंडू मैदानात कुठेतरी पडला की झालं. इथे घाईने पक्का दर कळवला तर नंतर तोच आकडा गळ्यात पडतो. उत्तरातच ‘हा अंदाज आहे, पक्का दर नमुना पाहून’ असं साध्या इंग्रजीत लिहिणं शहाणपणाचं.

‘कट कॉर्नर्स’ हा तर घातक. खर्च कमी करणं म्हणजे ‘कट कॉस्ट्स’. ‘कट कॉर्नर्स’ म्हणजे पैसा किंवा वेळ वाचवण्यासाठी दर्जाला किंवा नियमांना कात्री लावणं. ‘वी कट कॉर्नर्स टू गिव्ह यू बेस्ट प्राइस’ असं कुणी अभिमानाने लिहिलं तर त्याने स्वतःच्या मालाविरुद्ध कबुलीजबाब दिला.

आणि ‘टेबल’. ब्रिटनमध्ये ‘लेट अस टेबल धिस’ म्हणजे हा विषय चर्चेला घेऊ. अमेरिकेत याच वाक्याचा अर्थ हा विषय सध्या बाजूला ठेवू. अगदी उलट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची एका बैठकीत या शब्दावरून बराच वेळ जुंपली होती आणि दोघांनाही खरं तर तीच गोष्ट हवी होती, असं विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. साहेबांचं साहेबांशी असं होतं, तर इतरांनी मेल कुठल्या देशातून आली हे पाहायलाच हवं. भारतीय इंग्रजी यात ब्रिटिशांच्या बाजूला. संसदेत कागदपत्रं ‘टेबल’ केली जातात म्हणजे ती पटलावर ठेवली जातात.

बाकीचे पटकन पाहता येतील. ‘द बॉल इज इन युवर कोर्ट’: आता निर्णय तुमच्याकडे आहे, न्यायालयाशी संबंध नाही, हे टेनिसचं कोर्ट. ‘टच बेस’: एकदा बोलून घेऊ. ‘ऑन द सेम पेज’: आपलं एकमत आहे. ‘लेट मी स्लीप ऑन इट’: विचार करून उद्या सांगतो. ‘आयर्न आउट’: इस्त्रीने सुरकुत्या काढाव्यात तशा लहानसहान अडचणी दूर करणं. ‘टाय अप लूज एंड्स’: राहिलेली बारीकसारीक कामं मार्गी लावणं. विणकराला शेवटचा वाक्प्रचार कळायला अर्थाचीही गरज नाही.

सूत, सूत्र आणि धागेदोरे

धाग्याच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे असं म्हणायला हरकत नाही. सूत जुळतं, माणूस सुतासारखा सरळ होतो, कुणी सुतावरून स्वर्ग गाठतो. या शेवटच्याला इंग्रजीत ‘जंप टू कन्क्लूजन्स’, म्हणजे पुरेसं कळण्याआधीच निष्कर्षावर उडी. उडी कळते, पण मराठीतलं ते बारीक सूत धरून वर चढणं त्यात नाही.

पोलिसांना गुन्ह्याचे धागेदोरे मिळतात. इंग्रजीत त्यांना क्लू मिळतो, आणि हा क्लूही मुळात धागाच आहे. ‘क्ल्यू’ म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थिसिअस नावाचा वीर भूलभुलैयात शिरतो तेव्हा एरियाड्नी त्याला सुताचा गुंडा देते. तो सोडत सोडत आत जायचं आणि त्याच धाग्याने बाहेर यायचं. त्यावरून कोडं सोडवायला मदत करणारी कुठलीही गोष्ट म्हणजे क्लू झाली.

‘पुल स्ट्रिंग्ज’ आणि ‘पुल द स्ट्रिंग्ज’ यांत एका ‘द’चा फरक आहे, पण तो लहान नाही. पहिल्याचा अर्थ वशिला लावणं: मुलाला प्रवेश मिळावा म्हणून ओळखीच्या माणसाला फोन करणं. दुसऱ्याचा अर्थ पडद्यामागून सूत्रं हलवणं: समोर दुसराच बसलाय, कारभार मात्र याच्या हातात. कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या दोन्हीकडे आहेत. पण साहेबांना कृतज्ञतेने ‘थँक यू फॉर पुलिंग द स्ट्रिंग्ज’ असं लिहिणाऱ्याने त्यांना आभाराऐवजी कारस्थानी ठरवलेलं असतं.

‘हँगिंग बाय अ थ्रेड’ म्हणजे कोणत्याही क्षणी तुटेल अशी अवस्था. रुग्णाचा जीव, कंपनीचं अस्तित्व, आघाडीचं सरकार. यामागे डॅमोक्लीस या दरबाऱ्याची गोष्ट सांगतात. राजाने त्याला स्वतःच्या आसनावर बसवलं आणि डोक्यावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगली. मराठी वृत्तपत्रांतली ‘टांगती तलवार’ ती हीच. इंग्रजीने धागा धरला, मराठीने तलवार.

मागाचा धोटाही इंग्रजीने फिरवला आहे. धोट्याला शटल म्हणतात; तो ताण्यातून इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारत बाणा टाकतो. म्हणून दोन ठिकाणांत सतत फेऱ्या मारणारी गाडी म्हणजे शटल. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर दोन्ही बाजूंच्या राजधान्यांत विमानाने ये-जा करत राहिले, त्याला नाव पडलं ‘शटल डिप्लोमसी’. नव्या मागांवर धोटा नसतो, ते शटललेसच असतात, पण मुत्सद्दी अजून फिरतात.

वाळत घातलेले

टॉवेल धुतला की वाळत घालायचा. माणसाला वाळत घातलं तर? ‘हँग समवन आउट टू ड्राय’ म्हणजे अडचणीच्या वेळी त्याची साथ सोडणं, सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होणं. मराठीत याला वाऱ्यावर सोडणं म्हणतात. चूक वरच्याची, आणि नोटीस मिळाली सुपरवायझरला, तर तो हेच म्हणेल.

‘वॉश युवर डर्टी लिनन इन पब्लिक’ म्हणजे घरातली भांडणं चारचौघांत मांडणं. आपल्याकडे अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली जातात. इंग्रजी वाक्प्रचारात निदान कपडे धुतले तरी जातात.

इंग्रजी कापडाचा एक वाक्प्रचार मराठीने जसाच्या तसा घेतला आणि तो आता परका वाटत नाही: लालफीत. इंग्लंडमध्ये सरकारी आणि न्यायालयीन कागद लाल फितीने बांधत, त्यावरून ‘रेड टेप’ म्हणजे कागदी घोडे नाचवणारा, वेळकाढू कारभार. आपल्याकडे पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवले गेले, पण त्या रुमालावरून तसा वाक्प्रचार काही झाला नाही. बहुधा फाइल अडकवण्याचं कसब फितीसोबतच आलं असावं.

दिसतो कापडाचा, पण आहे वेगळाच, असाही एक आहे. ‘बोल्ट’ म्हणजे कापडाचा तागा. पण ‘बोल्ट फ्रॉम द ब्लू’मधला बोल्ट तागा नाही आणि नटबोल्टमधलाही नाही. ती वीज आहे. निरभ्र निळ्या आकाशातून अचानक पडलेली. ऑर्डर रद्द झाल्याची मेल अशी येते. मग आपण म्हणतो, डोक्यावर आभाळ कोसळलं.

वापरायचा की नाही?

समजणं आणि वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत. समोरच्याने वापरलेला वाक्प्रचार कळायलाच हवा. त्यासाठी त्यातला एकेक शब्द न शोधता अख्खा वाक्प्रचार शोधायचा, आणि तो कौतुकाचा आहे की टोमण्याचा, ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे त्याच वेळी पाहून घ्यायचं. एवढं करून शंका उरली तर सरळ विचारायचं. ‘तुम्हाला पक्का दर हवा आहे की अंदाज?’ असं विचारल्याने कुणी कमी शिकलेलं ठरत नाही. ज्यांच्यात पैशांचे व्यवहार होतात ते असे प्रश्न रोज विचारतात.

स्वतः लिहिताना मात्र दर, तारीख, वजन आणि तक्रार या चार गोष्टींत वाक्प्रचार आणूच नये. टॉवेलचं जीएसएम कमी भरलं तर किती कमी भरलं तो आकडा लिहावा. माल पंधरा दिवस उशिरा निघणार असेल तर ‘इन द पाइपलाइन’ लिहून वेळ मारून नेण्यापेक्षा कोणत्या तारखेला निघणार ते लिहावं. आणि तीन महिने अडकलेल्या बिलाबद्दल लिहिताना डोक्यात कितीही भिजत घोंगडं असलं, तरी मेलमध्ये ‘पेंडिंग’ हा एक शब्द, बिलाचा नंबर आणि रक्कम, एवढं बास.